नंदाच्या सायकलचा आऊट

बुधवार, १ जानेवारी १९७५

जयसिंगला कारखान्यातून ही डायरी मिळाली. माझा लेक साखर कारखान्यात कारकून आहे. दरसाल एक डायरी आणतो आणि दरसाल ती फळीवर झुरळांच्या उपयोगी पडते. यंदा मी म्हटलं, द्या मला. सगळे हसले. मला अक्षराची ओळख नाही हे अख्ख्या गंगावेशीला ठाऊक आहे. पण नात म्हणाली, "माझं अक्षर चांगलं हाय आज्जी, पण लिहायला काय घडतच न्हाय." मी म्हटलं, माझ्याकडं घडलेलं पोत्यानं आहे, अक्षर तेवढं नाही. दोघींचं मिळून एक माणूस होईल.

तर मी सांगणार, शामली लिहिणार. शामली म्हणजे श्यामला, आठवीत आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. मास्तर मार्क कापतात म्हणे. म्हटलं, माझं सांगणं कर तुझ्या शाळेसारखं, पण माणसं बोलली असतील ते जसंच्या तसं उतरव.

मी तानूबाई. घरापुढं छपरी आहे, छपरीत चंद्री म्हैस. सकाळी तिला चौकात नेते. गिऱ्हाईक पेला घेऊन उभं असतं, त्याच्या पुढ्यात धार काढून द्यायची. तालमीतली पोरं फेसासकट पितात आणि मिशी पुसत निघून जातात. त्या मिशीवर आमचं घर चाललंय असं मी म्हणते. जयसिंगला राग येतो.

दिवाळीपासून छपरीत आणखी एक जनावर आलंय. नंदाची सायकल. नंदा माझी सून, नंदिनी, शामलीची आई. शिकलेली होतीच, आता वडणग्याच्या शाळेत मास्तरीण झाली. बस तिथं शाळेची घंटा होऊन गेल्यावर पोचते. म्हणून तिच्या भावानं भाऊबीजेला ओवाळणीत बायकी सायकल घातली. तो इचलकरंजीत मागावर काम करतो. तिथून स्वतः चालवत घेऊन आला, धुळीनं पांढरा. ओवाळणीच्या ताटात सायकल मावेना म्हणून नंदानं तिच्या हँडललाच कुंकू लावलं. मी म्हटलं, "आता हिलाबी करंज्या वाढ."

जयसिंगला काही ते पटलं नाही. म्हणाला, "चालव. पर एकदा जरी पडलीस, तर सायकलबी गेली आन् नोकरीबी गेली. गल्लीनं हसायला नगो." नंदा बरं म्हणाली. मीही मान हलवली. चहा पीत होते, मान हलणारच.

शुक्रवार, ३ जानेवारी

नंदा सायकल नेमकी चंद्रीच्या खुंटीला टेकवून लावते. म्हटलं, पलीकडं लाव. म्हणते, "पलीकडं मुताची ओल हाय आत्या, गंज चढंल." गंजाइतकी काळजी माझ्या गुडघ्यांची कुणी केली नाही.

समोरची बयाबाई ओट्यावरून ओरडली, "तानूबाई, सून उडाय लागली की वं!"

मी म्हटलं, "उडू दे. दाणं टिपायला घरीच यायची."

बयाबाई हसून लोळली. नंदा तेव्हा दारातच उभी होती, पिशवी काढत. तिनं ऐकलं का नाही कळलं नाही. घंटी वाजवली आणि गेली.

रविवार, ५ जानेवारी

तालमीतल्या पोरानं कुठल्याशा मैदानात कुस्ती मारली. त्याला गुलाल टाकून, हलगी लावून गल्लीतून आणला. हलगीनं चंद्री बुजली, दावं तोडून पळाली. चौकात धरली. नुकसान कुणाचं काही नाही.

मीट वही.

सोमवार, ६ जानेवारी

नंदा पडली.

सकाळी नेहमीसारखी निघाली. पुढचं चाक घासतंय असं तिला वाटलं, पण उशीर होईल म्हणून थांबली नाही. पंचगंगेच्या पुलाच्या उतारावर चाक अडकलं आणि ती तोंडावर गेली. कोपर सोललंय, गुडघ्याला लागलंय, लुगडं फाटलंय. पुढचं चाक वर उचलून धरून पुलापासून घरापर्यंत चालत आली. शाळा बुडली.

मी हळद लावली.  

चाक पाहिलं. जागेवर फिरवलं तर दारू प्यालेल्या माणसासारखं इकडून तिकडं झुलतंय. गल्लीच्या तोंडाशी यल्लाप्पाचं सायकलचं दुकान आहे. मी म्हटलं, त्याच्याकडं टाक. नंदा म्हणाली, "नको आत्या. त्यो आन् हे एका तालमीतले. आज चाक दिलं की उद्या कारखान्यात निरोप."

जयसिंग सध्या कारखान्यावरच राहतो. उसाचा हंगाम आहे, डायरी देऊन गेला तो आता घरी येणं नाही. संक्रांतीला येणार. तोवर चाक घरीच सरळ करायचं असं तिनं ठरवलं. सीटखालच्या कातडी पिशवीत भावानं तारा आवळायची चावी ठेवून दिलीय. भावाला कशी अक्कल सुचली बघा.

कशी पडली कोण जाणे.

मंगळवार, ७ जानेवारी

नंदा शाळेला पायी गेली, पायी आली. आल्यावर छपरीत सायकल उलटी केली. सीट आणि हँडल जमिनीला, चाकं आभाळाकडं. चंद्री बघत राहिली. तिला वाटलं असेल, मेली.

वाकडं चाक सरळ करण्याला 'आऊट काढणं' म्हणतात. चाकाच्या दोन्ही अंगांनी तारा असतात, मधल्या डब्यापासून रिमपर्यंत ताणलेल्या. चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या चिमट्याला खडू टेकवून धरायचा आणि चाक फिरवायचं. रिम जिथं खडूला लागेल तिथं पांढरा डाग उठतो. डाग म्हणजे चाक तिथं बाहेर आलंय. हे सगळं नंदाला भावानं शिकवलंय. मी म्हटलं, "खडू मी धरते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही? सायकलला हात लावणार?"

"हात लावला तर चावती का?"

खडू धरला. डाग उठले. तेवढ्यात दूध उतू जातंय म्हणून ती आत पळाली. मी बसून काय करू? जन्मभर खाटा विणल्यात. खाट झोल देऊ लागली की सुंभ आवळायचं, सगळीकडून, मागंपुढं न बघता. मी चावी घेतली आणि डागापाशी जेवढ्या तारा हाताला लागल्या तेवढ्या आवळल्या. दम लावून आवळल्या. एक तार टणकन तुटली आणि चंद्रीनं कान उभे केले.

नंदा आली, चाक फिरवून बघितलं. आधी ते नुसतं झुलत होतं, आता झुलत होतं आणि उड्याही मारत होतं.

मला वाटलं, आता तोंड सुटणार. तर ती हसायलाच लागली. पोट धरून हसली. "आत्या! ही खाट न्हाय वं! सगळ्या आवळून कसं चालंल? चाक उजवीकडं आलं असंल तर तिथली डावीकडची तार आवळायची. आन् उजवीकडची सोडायची. सोडल्याबिगर आवळायची न्हाय."

"मग आदी सांगायचं हुतंस."

"तुम्ही चावी घ्याल हे मला काय सपान पडलंवतं?"

मीही हसले. खूप दिवसांनी दोघी एका गोष्टीला हसलो. मग दिवेलागण होईस्तोवर मी आवळलेल्या तारा ती एकेक सोडत बसली आणि मी चाक धरून बसले. डोकं खाली घालून, चावी फिरवता फिरवता म्हणाली, "ह्यांचंच खरं असंल आत्या. मला न्हाय जमत. दोन महिने चालवली, वाटलं जमलं. उतारावर हँडल धरता आलं न्हाय मला. शाळेत चाळीस लेकरांना सांगती, भिऊ नका. आन् आज पुलावरनं मीच कठडा धरून गेले."

मी म्हटलं, "जमंल."

"तुम्हाला काय ठावं?"

काय ठावं ते सांगितलं नाही. मधल्या डब्यापाशी काथ्याचा एक पीळ अडकलेला दिसला होता. ती तेल आणायला उठली तेव्हा तो उपटला आणि कनवटीला लावला.

बुधवार, ८ जानेवारी

शामले, आज सांगते ते लिही आणि आईला सांगायचं नाही. तोंड वर करू नको, लिही.

काथ्या चंद्रीच्या दाव्याचा होता.

रविवारी मी चंद्रीला नदीवरून धुऊन आणली. छपरीत आले तर सायकल खुंटीला टेकलेली. खुंटी मोकळी करायला एक हात पुरला असता. सायकल अशी धरून चार बोटं सरकवायची, झालं. मी सरकवली नाही. दावं सायकलच्या पुढच्या चाकात घातलं आणि गाठ मारली. मनात म्हटलं, आता म्हैस हिच्या सीटवर शेण टाकंल, मग बाईसाहेब बघतील, कुणाची जागा कुणी घेतलीय. एवढंच मनात होतं. शेणापुरतंच.

मग हलगी आली.

चंद्री सायकल घेऊनच पळाली. छपरीच्या दारापर्यंत फरफटत नेली, उंबऱ्याला सायकल अडकली तेव्हा दावं तुटलं. गल्ली सगळी गुलालाकडं बघत होती, माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मी सायकल उभी केली. चाक वाकलं होतं. जमिनीवर आडवं टाकून त्यावर उभी राहिले, पायानं दाबून दाबून सरळ केल्यासारखं केलं. पदरानं शेण पुसलं. होती तशी खुंटीला टेकवली. मग चंद्रीला आणायला गेले.

नंदा संध्याकाळी बाजारातून आली तेव्हा मी तिला म्हटलं, हलगी भारी वाजली.

वाकलेलं चाक ती सकाळी पुलावर घेऊन गेली. जमत नाही म्हणते. तिला जमतं. पायली भरून ज्वारी डोक्यावर घेऊन चालावी तशी नीट चालवते. मी दारातून बघते की रोज.

कशापायी केलंस असं कुणीही विचारणार. शामली विचारत नाही, पण तिचं पेन विचारतंय. पूर्वी नंदा सकाळी धारेला माझ्याजवळ येऊन बसायची. कुठं काय झालं, कोण काय बोललं, सगळं सांगायची. आता सांजची येते, तोंड उन्हानं लाल, एकटीच गालात हसत. काय झालं म्हटलं तर, "काय न्हाय आत्या, शाळेतली पोरं." एवढंच. पोरांनी काय केलं ते सांगत नाही. पूल ओलांडून काय काय बघून येते आणि मला त्यातलं चिमूटभर देत नाही. म्हणून म्हशीला बांधलं म्हणू का? ऐकायलाच कसं वाटतं. पण दुसरं कारण मला सापडत नाही.

उद्या सांगेन तिला. नाहीतर परवा.

शामली म्हणते शाई संपली. बाटली तर भरलेली दिसते मला. हेही लिही. लिहिलंस? बरं, मीट.

शनिवार, ११ जानेवारी

मधे शामली बसली नाही. परीक्षा आहे म्हणते. परीक्षा दिवाळीआधीच होऊन गेली, पेढेही खाल्ले. पण असेल, हल्ली शाळांचं काही कळत नाही. आज बोलावलं तर मुकाट्यानं आली. बोलत नाही, नुसती लिहिते.

चाक बरंच सरळ झालं. नंदानं एकटीनं केलं. गुरुवारी मी खडू घेऊन बसायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे आत्या. तुम्ही चंद्रीला पाणी दावा." हळू म्हणाली, नेहमीसारखी मान देऊन. काल पुन्हा गेले तर खडू तिनं स्वतःच्या ओठात धरला होता, त्यामुळं बोलता येईना, नुसती मान हलवली. दमली असेल. शाळा, पायी जाणं, वर हे.

जेवताना ताट माझ्यापुढं सरकवते. आधी हातात द्यायची. कोपर दुखत असेल.

आज तिनं सायकल नदीपर्यंत नेऊन आणली. पूल ओलांडला नाही. पण चाक घासलं नाही म्हणाली. एक तार कमी आहे आणि एका जागी थोडा आऊट राहिलाय, तो यल्लाप्पालाही निघाला नसता.

मग आता सांगून काय होणार, असं मला वाटतंय. चाक सरळ झालं, जयसिंगला पत्ता नाही, कोपराला खपली धरली. सांगितलं तर उगीच घर तापेल. संक्रांत तोंडावर आलीय.

शामली पुन्हा थांबलीय. "काय गं?" म्हटलं. म्हणते, "काय न्हाय." आईचंच बोलणं उचललं पोरीनं.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

आज जे झालं ते बसल्या बैठकीला सांगते, नाहीतर मी त्यात काहीतरी गोड मिसळीन.

जयसिंग काल सांजचा आला. आज सकाळी बयाबाई तिळगूळ घेऊन आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "आन् नंदाचं कोपर बरं हाय न्हवं? आमचं ह्ये उसाच्या गाडीबरूबर हुतं पुलावर. म्हनलं, मास्तरीण पार पालथी की!" तिच्या पोटात वाईट नव्हतं. तिच्या पोटात काही राहत नाही एवढंच.

जयसिंग उठला, बाहेर गेला आणि थोड्या वेळानं आकारामला घेऊन आला. आकाराम म्हणजे कारखान्यातला त्याचा दोस्त. त्याच्या लेकीला सायकल पाहिजे आहे. जयसिंगनं सायकल छपरीतून काढून गल्लीत उभी केली. "घिऊन जा लेका. पैशाचं मागनं बघू."

नंदा चौकटीत उभी होती. हातात तिळगुळाची वाटी. जयसिंग तिला म्हणाला, "काय ठरलंवतं? पडलीस का न्हाय?"

"पडले."

"मग? उद्या शाळंत सांगून ये. आता येत न्हाय म्हणावं."

तिनं वाटी कठड्यावर ठेवली, अगदी हळू. आकारामनं सायकलची घंटी वाजवून बघितली.  आतापर्यंत गप्प बसले होते ते नंदासाठी नव्हे, माझ्यासाठी, हे तिथल्या तिथं कळलं.

मी गल्लीत जाऊन उभी राहिले. माझा आवाज कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, "आकाराम, ठेव ती सायकल खाली! जयसिंग, ती पडली न्हाय, मी पाडली तिला. चंद्रीचं दावं मी ह्या चाकाला बांधलंवतं. हलगीला म्हैस उधळली, चाक वाकलं. मी पायानं दाबून ठेवलं आन् गप बसले. तिच्या चालवण्यात काय खोट न्हाय. खोट माझ्यात हाय."

ओट्यांवर बायका उभ्या राहिल्या. यल्लाप्पा दुकानातून आला. जयसिंग हसला.

"आये, काय बोलतीस? म्हशीला सायकलीला कोण बांधंल?"

"मी बांधली!"

"तुझा जलम म्हशीत गेला. दावं कुठं बांधायचं तुला कळत न्हाय व्हय?"

"कळत हुतं म्हणून तर बांधलं!"

आता सगळेच हसले. यल्लाप्पा म्हणाला, "तानूकाकी, सुनंसाठी एवढं खोटं बोलतायसा, देव तुमाला माफ करंल." बयाबाईनं तर डोळ्याला पदर लावला. "बगा गं, बगा. सासू असावी तर अशी. सुनंचं पाप आपल्या अंगावर घेतीया." मी कनवटीला हात घातला, काथ्या दाखवायला. काथ्या कधीच पडून गेला होता. आणि असता तरी काय, म्हशीवाल्या बाईच्या कनवटीला काथ्या असायचाच.

मी नंदाकडं वळले. "नंदे, तू सांग ह्यांना. खरं का खोटं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तसं ती कधी बघत नाही. डोळ्याला डोळा भिडवून, पापणी न हलवता. आणि मला कळलं की तिला ठाऊक आहे. आज नाही, तिनं मला खडू धरू दिला नाही त्या गुरुवारपासून ठाऊक आहे.

म्हणाली, "आत्या म्हणतील ते खरं."

झालं. सून दुसरं काय बोलणार? गल्लीतली प्रत्येक सून हेच बोलते, पाऊस नसताना सासू म्हणाली पाऊस पडतोय तरी. बायकांनी माना डोलावल्या. सूनबी गुणाची, म्हणाल्या. खरं खरं सांगितलं तिनं आणि कुणाला ऐकू गेलं नाही.

जयसिंगचं तोंड उतरलं. एवढ्या लोकांपुढं आई सुनेसाठी गल्लीत उभी राहिली म्हटल्यावर तो काय करणार? आकारामला म्हणाला, "ऱ्हाऊ दे गड्या. आईची लई इच्छा दिसतीया." सायकल छपरीत परत ठेवली. नोकरी राहिली.

मला तिळगूळ द्यायला सगळी गल्ली आली.

शुक्रवार, १७ जानेवारी

बरं वाटायला पाहिजे होतं.

चौकात दूध घालायला गेले तर गिऱ्हाइकं उभी राहून नमस्कार करतात. तालमीतल्या पोरानं पेला घेताना माझ्या पायाला हात लावला. म्हटलं, "मेल्या, मी म्हशीला सायकलीला बांधलं रं, खरंच बांधलं." म्हणतो, "व्हय की आज्जी, आमाला ठावं हाय," आणि डोळा मारतो. जन्मभर ह्या तोंडानं चेष्टा केली. आता त्यातून खरं बाहेर पडलं तरी लोक चेष्टेच्याच खात्यात टाकतात.

जयसिंग कारखान्यावर गेला. जाताना म्हणाला, "आये, तुझ्यामुळं मला अक्कल आली." मी म्हटलं, "चूल बघ." चुलीवर काही नव्हतं.

आज धार काढताना नंदा छपरीत आली. सायकल काढायला आली होती. मी मागं न वळता म्हटलं, "नंदे, माझं चुकलं."

ती हँडल धरून थांबली. मग म्हणाली, "आत्या, पुलावर पडले तवा मागनं उसाचा ट्रक येत हुता. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. माझ्या डोक्यापाशी चाक थांबलं त्याचं. टायरची नक्षी दिसत हुती."

मी धार सोडली.

"ह्यांना सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "कुणालाच न्हाय. तुम्हाला ठावं असावं म्हणून सांगितलं."

आणि गेली. घंटी वाजवली नाही. मी बघत राहिले. पुलाच्या बाजूला वळेपर्यंत चाक सरळ जात होतं, एका जागी किंचित डुलत. तो आऊट राहिलेला भाग असणार. चंद्रीनं पाय झाडून चरवी सांडली, ती मी तशीच सांडू दिली.

शेणापुरतंच मनात होतं, असं मी मागं लिहवलं होतं. शामली म्हणते खोडू का. नको. असू दे तिथंच.

सोमवार, २० जानेवारी

नंदानं साखळी आणि कुलूप आणलं. सायकल आता खुंटीला लावत नाही. घरात घेते, मधल्या खांबाला साखळी घालते, कुलूप लावते, ओढून बघते. आमच्या घराच्या दाराला कधी कुलूप लागलेलं मला आठवत नाही. लागणार कुणासाठी? मी असते ना दिवसभर घरी.

 मी तिच्या जागी असते तर मीही लावलं असतं, आणि साखळी आणखी जाड आणली असती.

आज सांजच्याला बयाबाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आली. लाजरी पोरगी आहे, आजऱ्याची. बयाबाई म्हणाली, "पड पाया. अशी सासू कुटं बगायला मिळायची न्हाय." पोरगी वाकली. त्याच वेळी नंदा आत सायकलला साखळी घालत होती. कुलूप कट्टदिशी लागलं ते मला ऐकू आलं, पोरीलाही आलं, तिनं वाकल्या वाकल्याच मान तिकडं केली.

तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काय आशीर्वाद द्यावा ते सुचेना. शेवटी म्हटलं, "पोरी, माहेरनं काय आणलं असशील ते कुलपात ठेव. सासूच्या हाताला लागू देऊ नगंस."

बयाबाई टाळी देऊन हसली. "तानूबाई! तुमची चेष्टा म्हंजे!" पोरगीही तोंडाला पदर लावून हसली.

नंदा हसली नाही. चावी कनवटीला लावली आणि मला विचारलं, भाकऱ्या किती टाकू.